कुंडलिक यायच्या आत

खिंड उतरून निम्मी वाट झाली, तरी भागूबाईचा पाय थांबेना. हातात दावं, दाव्याला रेडी, आणि रेडीच्या मागं धापा टाकत भाची चंद्रा. ती भोरला संस्थानच्या शाळेत चौथी शिकलेली, डोंगर चढायची-उतरायची सवय कमी.

"आत्या, जरा दम खाऊ द्या की!"

"दम आंबवड्यात खा. उद्या कुंडलिक यायचा हाय. त्याच्या आत रेडी थोरल्या बहिणीच्या गोठ्यात पोचाय पायजे."

कुंडलिक म्हशींचा दलाल. दुभती म्हैस देऊन बदल्यात ही रेडी मागणार होता. रेडीची आई आखाडात गेली, तेव्हापासून भागूबाईची रवी खुंटीलाच होती. धनगराचं घर आणि ताकाला महाग! पण त्या म्हशीसारखी धार साऱ्या डोंगरात नव्हती, आणि घरात तिचं वाण आता एवढंच उरलं होतं. वर्ष-दीड वर्ष कळ काढायची, की रेडी विणारच.

"मग तोंडावर न्हाई म्हणायचं," चंद्रा म्हणाली. "त्याला पळायचं कशाला?"

"भरली कास बघितल्यावर मला न्हाई म्हणता येतंय व्हय? हिची थोरली भन अशीच दिली. त्याची म्हैस चार म्हैन्यांत आटली, आन आपली रेडी आता त्याच्याकडं दोन्ही वक्ताला चरवी भरती!"

भागूबाई स्वतःला पुरती ओळखून होती. बियाण्याची काकडी ती वेलावरच शेणानं माखून ठेवी, म्हणजे हात जायचा नाही. कासार वाडीकडं चढताना दिसला, की ही धुणं घेऊन ओढ्यावर. नवरा हैबती हसायचा, "देवानं हिला अक्कल दिली, पर धीर द्यायचा ऱ्हायला."

"म्हणून तर अक्कल आधी वापरती," ती म्हणे.

वळण आलं आणि भागूबाई जागीच थिजली. समोरून कुंडलिकच चढत होता. एक दिवस आधी! पुढं काळीभोर म्हैस, कास मांड्यांना थटणारी.

"रामराम, भागूबाई! दूध थांबत न्हाई, म्हटलं म्या तरी कशाला थांबू?"

भागूबाईची नजर कासेवरून हलेना. हात आपसूक म्हशीच्या पाठीवर गेला. मग चटका बसावा तसा तिनं तो मागं घेतला, दावं चंद्राच्या मुठीत कोंबलं.

"चंद्रे, पळ! रेडी घिऊन पळ. म्या मागनं हाक मारीन. मारनारच, मला ठावं हाय. रडीन, शिव्या दिईन. पर तुला देवाची आन हाय, मागं वळू नगंस."