सामान चिठ्ठीप्रमाणं

कोणाचाही पलंग सरकवला की खाली काहीतरी सापडतंच. एखादा मोजा, पेनाचं टोपण, मागच्या दिवाळीतला करंजीचा तुकडा. आमच्या धंद्यात त्याच्या शेजारी एक किस्साही पडलेला असतो. तो झाडून टाकता येत नाही. मी घरी घेऊन येते.

मी शहरातल्या एका पॅकर्स अँड मूव्हर्सच्या ऑफिसात आहे. फोनवर लोकांना फायदे सांगायचे, हे माझं काम. सामान सुरक्षित, वेळेची बचत, डोक्याला ताप नाही. घरात बायका असल्या की आपल्याकडूनही एक बाई असावी, म्हणून सर मला साइटवर पाठवतात. अडचण एवढीच की मी दचकते. कुकरच्या शिट्टीला, कबुतराला, स्वतःच्याच मोबाइलला.

पहिल्याच घरी आमच्या शफीकभाईंनी चिकटपट्टी ओढली. चर्रर्र! मी किंचाळले. मी किंचाळले म्हणून घरमालक दचकले, आणि त्यांच्या हातातली फुलदाणी गेली. त्या दिवशी फुटलेली ती एकच वस्तू!

सरांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, आपला पहिला फायदा कोणता?"

"सामान सुरक्षित, सर."

"अजून एकदा किंचाळलात की कायमचं फोनवर बसायचं."

मला साइटच हवी होती. तिथं आवाज कुठून येणार, हे निदान दिसतं. फोनचा काय भरवसा, कधीही वाजतो!

*

बीड बायपासच्या एका गृहस्थांनी माझे सगळे फायदे ऐकून घेतले आणि म्हणाले, "प्रोफेशनल कशाला? आमचे दाजी आहेत ना."

दुपारी त्यांचाच फोन. "मॅडम, माणसं पाठवा. अर्जंट!"

"सामान किती आहे, सर?"

"सामान राहू द्या हो! आधी दाजींना काढा!"

जाऊन बघतो तर जिन्याच्या वळणावर कपाट अडकलेलं, आणि कपाटामागं, भिंतीला पाठ लावून, दाजी. त्यांना वरून चहा पोचवलेला होता. शफीकभाईंनी कपाट तिरपं केलं, खाली घेतलं. दाजी बाहेर आले, शर्ट झटकला आणि मेव्हण्याला म्हणाले, "मी मघापासून सांगतोय, तिरपं करा. पण इथं आपलं ऐकतं कोण!"

तेव्हापासून मी फोनवर आणखी एक फायदा सांगते. आमची माणसं तुम्हाला पुन्हा दिवाळीत भेटत नाहीत.

*

पिशोरहून शहरात आलेल्या एका कुटुंबाला नव्या घरात मुहूर्तावर दूध उतू घालायचं होतं. पातेलं आणि शेगडी ट्रकमध्ये पार आतल्या बाजूला, मुहूर्त मात्र दारात. मग सूनबाईंनी पर्समधून रुमाल काढावा तशी हातातल्या पिशवीतून इलेक्ट्रिक किटली काढली.

दूध वर आलं, की किटली टक्कन बंद. पुन्हा लावली, पुन्हा बंद.

"ही किटली लई शिस्तीची हाय," सासूबाई म्हणाल्या, आणि तिच्या बटणावर अंगठा दाबून उभ्या राहिल्या. दूध वर आलं, उतू गेलं, ओट्यावरून थेट प्लगमध्ये गेलं. फाट! अख्ख्या मजल्याची लाइट गेली.

मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता. अंधारात सासूबाईंचा समाधानी आवाज आला, "झालं बाई शुभ."

*

आमच्याकडे प्रत्येक वस्तूवर स्टिकर लागतं. हॉल, किचन, बेडरूम. शफीकभाई त्याला चिठ्ठी म्हणतात. चिठ्ठीवर असेल त्या खोलीत वस्तू जाते, आणि तिथंच जोडली जाते. वाद नाही.

एक इंजिनीअर साहेब म्हणाले, "स्टिकर्स मीच लावतो. मला सिस्टीम कळते." खोललेल्या पलंगाच्या फळ्या त्यांना किचनच्या रॅकच्या वाटल्या. संध्याकाळी ते नव्या घरी पोचले, तर किचनमध्ये डबलबेड. जोडलेला. वर गादीसुद्धा.

"अहो, हे काय आहे?"

"साब, आपीच लिखे ना? हम चिठ्ठी के आगे नै जाते."

साहेब बायकोकडे वळले. त्या पलंगावर टेकल्या, ओट्याकडे हात लांबवून पाहिला. पोचला. "राहू द्या इथंच," त्या म्हणाल्या. "उद्यापासून उठल्या उठल्या चहा तुम्ही टाकाल."

*

सिडकोतलं एक घर. नवरा-बायको, त्यांचा मुलगा आणि नाना. नाना म्हणजे नवऱ्याचे वडील. नव्या फ्लॅटला दोन बेडरूम. एक जोडप्याची, दुसरी मुलाची.

"आणि नानांची कॉट?" मी विचारलं.

"गॅलरीत," वहिनी म्हणाल्या. "त्यांना मोकळी हवा लागते."

नवरा मोबाइलमध्ये बघत होता. मी कॉटवर 'गॅलरी' लावलं. नानांच्या ट्रंकेवर 'गॅलरी' लावलं. कोपऱ्यात त्यांची खुर्ची होती, बाकी फर्निचरसारखीच घोंगडीत गुंडाळलेली. मला वाटलं, आमच्या माणसांनीच. तिच्यावरही 'गॅलरी' लावलं आणि नीट चिकटावं म्हणून वरून थोपटलं.

"गॅलरी नको," खुर्ची म्हणाली. "बेडरूम लिही."

माझं तोंड पूर्ण उघडलं होतं. तेवढ्यात घोंगडी जरा सरकली, आत बसलेल्या नानांचा चेहरा दिसला, आणि त्यांचं एक बोट ओठांवर टेकलं.

मी तोंड मिटलं. पेन काढलं.

संध्याकाळी नव्या फ्लॅटमध्ये वहिनी मुलाच्या खोलीच्या दारात आडव्या उभ्या. "अहो भाई, कॉट इथं कुठं? गॅलरीत न्या!"

"भाभी, चिठ्ठी देखो. बेडरूम."

"पण मी सांगतेय ना!"

"हौ भाभी. लेकिन हम चिठ्ठी के आगे नै जाते."

कॉट आत गेली. ट्रंक आत गेली. खुर्ची आत गेली. नवऱ्यानं पहिल्यांदाच मोबाइल खिशात ठेवला.

मग काठी टेकत नाना आले. वहिनी अजून दारातच होत्या. नाना थांबले आणि खिशावर बोट टेकवलं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशावरही 'बेडरूम'चं स्टिकर होतं. ते मात्र मी लावलेलं नव्हतं.