तीनदा विचारायची रीत

लातूर जिल्हा नवा झाला तशी वडिलांची बदली जिल्ह्याच्या कचेरीत झाली. दुष्काळ होता, टँकर चौथ्या दिवशी यायचा. त्याच उन्हाळ्यात विहिरींचा अभ्यास करायला आलेली एक फ्रेंच मुलगी आमच्या पुढच्या खोलीत दोन महिने राहिली. संध्याकाळी ती मला फ्रेंच शिकवायची. मला त्या भाषेचं वेडच लागलं. हैदराबादला जाऊन ती नीट शिकायची, असं मी मनाशी ठरवून टाकलं. वडील हो म्हणाले होते, पण आईला विचारायचं धाडस होत नव्हतं. आमच्या घरात वडिलांचा होकार म्हणजे अर्धाच होकार.

ही मुलगी पुस्तकी फ्रेंच शिकवत नव्हती. मैत्रिणीनं 'खिडकी उघडू?' विचारलं तर म्हणायचं 'वाझी', म्हणजे उघड की, खुशाल. जरा गोडीनं म्हणायचं तर 'झ तां प्री'. एकदा म्हटलं की विषय संपला, त्यांच्याकडे पुन्हा कुणी विचारत नाही. मला हसू आलं. आमच्याकडे यजमानानं 'घ्या की' म्हणायचं, पाहुण्यानं 'नको नको' म्हणायचं, आणि तिसऱ्या खेपेला कुणाच्या मनात खरं काय आहे ते कळायचं. हे तिला सांगायचं मात्र राहून गेलं.

एका दुपारी तिनं मोडक्यातोडक्या मराठीत आईला विचारलं, केस धुवायला पाणी घेऊ का? टँकर यायला अजून दोन दिवस होते. आई रिवाजाप्रमाणे म्हणाली, "घे की, इचारायचं काय त्यात?" तिनं हसून आभार मानले आणि दोन भरल्या बादल्या उचलून नेल्या. आईनं वाकून हंड्यात उरलेलं पाणी पाहिलं. मग दोन दिवस आम्ही ताटं राखेनं घासून फडक्यानं पुसली आणि वडील अंघोळीवाचून कचेरीत गेले. बोलणी अर्थात मी खाल्ली. ती परदेशी, पण तू तर इथलीच ना, असं आईचं म्हणणं. मला त्या मुलीचा राग आला नाही, उलट हेवा वाटला. कुणी हो म्हटलं की ते खरं मानून मोकळं व्हायचं, किती सुखाचं!

ती गेली, आणि आठवड्यानं मी हिय्या केला. आई ज्वारी पाखडत होती. हैदराबादला जाऊ का, म्हणून विचारलं.

"जा की," ती वर न बघता म्हणाली.

पाण्याच्या वेळीही ती असंच 'घे की' म्हणाली होती. दुसऱ्यांदा विचारलं, उत्तर तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

"पाणी दिलं तव्हा मनात नव्हतं," ती म्हणाली. "आता मी मनातून म्हणतेय. जा. पर निघायच्या दिवशी पुन्हा इचारू नको. चौथ्यांदा मला जमायचं न्हाई."