तारादर्शन

आमचे भाऊजी लाइनमन. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. "लाइनमनला बोलवा", "लाइनमन आले का?", एवढंच. बोलायला म्हणाल तर महाकंजूष. मी पडले शिंपीण, दिवसभर गिऱ्हाइकांशी तोंड चालवणारी. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की ते हातातली पक्कड उघडमीट करत बसायचे आणि मी दम घ्यायला थांबले की म्हणायचे, "झालं? मग चहा टाक."

त्यांच्या घरात शिरलं की पहिल्यांदा पायात वायरचं भेंडोळंच यायचं. दाराआड शिडी, खिडकीत टेस्टर, आणि खांबावरच्या चिनी मातीच्या पांढऱ्या वाट्यांत ताईची बटणं नि सुया. बोलणंही तसलंच. तारा तुटल्यात, तारांवर फांदी पडलीय, तारा बदलायला गेलेत. मी म्हणायचे, "ताई, तुझं लग्न माणसाशी झालंय की खांबाशी?" ती हसून म्हणायची, "खांब निदान सरळ उभा तरी राहतो."

पण गंमत बघा, ताईनं आपल्या नवऱ्याला खांबावर काम करताना कधीच नीट पाहिलं नव्हतं. नवी नवरी असताना ती एकदा हौसेनं डबा घेऊन गेली आणि खालून "अहो" म्हणाली. भाऊजींनी खाली पाहिलं, पाय सटकला आणि कमरेच्या पट्ट्यावर लोंबकळले. वाचले म्हणायचे. त्या दिवसापासून कानाला खडा. घरचं माणूस खांबाखाली नको. सगळेच लाइनमन हे पाळतात म्हणे. खाली आपलं माणूस असलं की लक्ष वर राहत नाही. मग ताईनं डबा कायम दुसऱ्याच्या हाती पाठवला, आणि रस्त्यानं जातानाही धास्तीनं कधी मान वर करून तारांकडं बघितलं नाही. वादळवाऱ्यात भाऊजी बाहेर गेले की ती उंबऱ्यात बसून राहायची, जीव टांगणीला लावून. घरातला दिवा लागला की म्हणायची, "उतरले." आणि मगच पाणी प्यायची.

अशी ती ताई अंथरुणाला खिळली. छाती भरून यायची, दोन शब्द बोलली की धाप. उशाशी ऑक्सिजनचं मशीन आलं, दिवसरात्र घरघरणारं. नाकातली नळी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचायची, तेवढाच तिचा मुलूख उरला. डॉक्टरांनी मला आणि भाऊजींना बाहेर बोलावून सांगितलं, "आता फार दिवस धरू नका." भाऊजी "बरं" म्हणाले. मी तिथंच रडायला लागले आणि ते माझ्याकडं नुसते बघत राहिले. तेव्हा मला त्यांचा रागच आला होता.

आणि अशात एका संध्याकाळी शाळेचे मास्तर घरी आले. वाचनालयातर्फे गावाबाहेरच्या माळावर कार्यक्रम ठरला होता. दुर्बीण येणार होती, आसपासच्या गावांतली माणसं येणार होती. मास्तरांना साधं बोलता येतच नाही. ते म्हणाले, "तारादर्शनाचा सोहळा आहे, लाइनमन. आणि तो तुमच्याशिवाय होणे नाही!" म्हणजे काय, तर तेवढा वेळ रस्त्यावरचे दिवे बंद करून हवे होते. हे दुर्बिणीचं नि दिव्यांचं त्यांनी ओसरीवर उतरल्यावर हळूच सांगितलं, घरात आजारी माणूस आहे म्हणून.

आम्ही आत आलो तर ताई उठून बसलेली. डोळे असे लकाकत होते!

"मी पण येणार," ती म्हणाली. "मला बघायच्यात... तारा."

"तारे म्हण गं बाई," मी चिडवलं. "दुखण्यानं व्याकरणही गेलं वाटतं."

तिनं हातानंच मला गप्प केलं. धाप लागली होती.

माळावरचं गार वारं, दव, आणि मशीन कुठं लावणार? मी म्हणाले, "भाऊजी, वेड लागलंय का? काही झालं म्हणजे?" ते बराच वेळ पक्कड उघडमीट करत होते. मग म्हणाले, "आजवर तिनं काही मागितलं नाही मला. वायर टाकतो."

आणि टाकली. माळाच्या कडेच्या शेवटच्या खांबापासून पार मधोमध, दुपारभर उन्हात, एकट्यानं. रस्त्याच्या दिव्यांची तार वेगळी असते, त्यामुळे दिवे गेले तरी मशीन चालू राहणार होतं. मशीनवरच्या हिरव्या दिव्याचा लोकांना त्रास नको म्हणून त्यावर काळी पट्टी चिकटवली. खाट नेऊन टाकली आणि वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधली. शेवटी स्वतःच खाटेवर आडवे पडले आणि वर बघून खात्री करून घेतली, मध्ये एकही फांदी येत नाही ना. मी लांबून बघत होते. माझा राग कुठल्या कुठं गेला.

निघताना ताईनं ठेवणीतले कपडे मागितले.

"अगं, अंधारात कोण बघणार तुला?"

"लोक येणार ना," ती म्हणाली. "यांना शोभायला नको?"

मला वाटलं, आता भ्रमात बोलायला लागली. मी मुकाट्यानं कपडे काढून दिले, केस विंचरून दिले. शेजारच्या टेम्पोतून छोटा सिलिंडर लावून तिला नेलं. वाटभर ती मान उंच करून बाहेर बघायचा प्रयत्न करत होती, पण दिवस मावळला होता आणि टेम्पोला खिडकी होती एवढीशी.

माळावर बरीच गर्दी होती. सतरंज्या, घोंगड्या, रडणारी पोरं, दुर्बिणीपुढं रांग. मास्तर कर्णा घेऊन फिरत होते. ताईला खाटेवर निजवलं, मशीन लावलं, दोन रजया घातल्या. येणारी-जाणारी माणसं चौकशी करत होती आणि ती प्रत्येकाकडं बघून मान डोलावत होती, घरचं कार्य असावं तशी. मग भाऊजी कडेच्या खांबाच्या पेटीतून दिवे बंद करायला गेले.

रस्ता, चौक, गिरणी, सगळं एका झटक्यात काळं झालं. माळभर "आहाहा!" उठलं. वर आकाश नुसतं खच्चून भरलेलं. मीही आ वासला. तेवढ्यात ताईनं माझं मनगट घट्ट धरलं.

"लाइन गेली!" ती कासावीस होऊन म्हणाली. "आत्ताच जायची होती? यांना सांग, लवकर... आता लोक कसे बघणार?"

"काय बघणार?"

"तारा!"

तोवर भाऊजी परत येऊन खाटेच्या कडेला टेकले. ते म्हणाले, "अगं, मीच बंद केले दिवे. वर बघ. किती तारे आहेत बघ."

"तारे नाही हो," ताई म्हणाली. "तारा. तुमच्या."

मला काही समजेना. ती थांबत थांबत बोलत होती. "मास्तर म्हणाले ना... तारादर्शन. तुमच्याशिवाय होणार नाही. मला वाटलं, तुम्ही ओढलेल्या तारा बघायला लोक येतायत. तुमचा सत्कार करणार. म्हटलं, आता तर खांबाखाली गेलं तरी चालेल. आता तुम्ही वर नसणार."

माझा जीव तुटला. हसावं की रडावं तेही कळेना. त्या घरात राहिलेल्या बाईला तारा म्हणजे दुसरं काय सुचणार होतं? आणि आम्ही दोघं तिला आकाश दाखवायला घेऊन आलो होतो.

भाऊजी उठले. अंधारात चालायला लागले. आणि जरा वेळानं रस्त्यावरचे सगळे दिवे भप्पकन लागले.

काय कालवा झाला म्हणून सांगू! "कोण आहे तो?", "बंद करा!", "अक्कल आहे का?" मास्तर धावत आले. भाऊजींनी हात जोडले. "थोडा वेळ, मास्तर. मग आकाश तुमचंच." मागून एक जण जास्तच बोलायला लागला, तेव्हा मी पदर खोचून उभी राहिले आणि त्याची अशी काही खरडपट्टी काढली की सगळा माळ चिडीचूप.

भाऊजी खाटेपाशी गुडघ्यांवर बसले. ताईच्या मानेखाली हात घालून तिला उचललं आणि बोट दाखवायला लागले. एवढं बोलताना मी त्यांना जन्मात ऐकलं नव्हतं. "ती बघ, त्या खांबापासून चढावर गेलीय ना, ती माझी पहिली. तिथून गिरणीकडं. ओढ्यावरून टाकली ती, तिनं फार पिडलं. आणि ती शाळेकडची, ती रात्री पावसात ओढली, तू दारात बसली होतीस बघ, ती."

मी सुईत दोरा ओवणारी बाई, माझी नजर चांगली आहे. मला एकही तार दिसली नाही. दिव्यांच्या उजेडात डोळे दिपत होते आणि दिव्यांच्या मध्ये नुसता काळोख होता. तार दिवसाच दिसते.

ताई मात्र त्यांचं बोट जाईल तिकडं मान वळवत होती. खूप वेळ. मग म्हणाली, "दिसल्या हो. सगळ्या दिसल्या. किती सरळ ओढल्यात!"

भाऊजी जरा थांबले. म्हणाले, "हं. सरळच आहेत."

मग त्यांनी दिवे पुन्हा घालवले. ताईनं थोडा वेळ आकाशाकडं पाहिलं आणि मला म्हणाली, "हे पण बरे आहेत."

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, ताई, दिवसाउजेडी एक चक्कर मारून आणू तुला, टेम्पोवाला तयार आहे. तर म्हणाली, "बघितल्या की मी." भाऊजी तिथंच होते. ते मशीनची नळी नीट करायला लागले. पुढं तिला उठवेनासं झालं, आणि पंधरवडा उलटायच्या आत ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर एका दुपारी भाऊजी माझ्या दुकानात येऊन बसले. मी शिवणयंत्र थांबवलं. मनात साचलेलं होतंच, ते भडाभडा बोलून टाकलं. "तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतं, चल म्हणून. तुमचं ऐकलं असतं तिनं. खुर्चीत बसवून नेली असती. एवढं एकच मागितलं होतं तिनं!"

ते समोरची कात्री उचलून उघडमीट करायला लागले.

"तार सरळ नसते गं," ते म्हणाले. "झोल ठेवावा लागतो. ताणून सरळ ओढली तर थंडीत आखडते आणि तुटते. माझ्या सगळ्या तारा मध्ये खाली वाकलेल्या आहेत. तिला एकही दिसली नव्हती."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं? मग का नाही नेलं?"

"कसं नेणार? ती माझं मन राखायला खोटं बोलली होती. दिवसा नेली असती, तर तिला कळलं असतं की मला कळलंय."

एवढं बोलले आणि समोरच्या कापडाच्या ढिगात तोंड खुपसून ते हमसून हमसून रडायला लागले.