शेवटची सोळा पानं

या गोष्टीचा शेवट ओळखून दाखवा बरं! जो ओळखेल त्याला माझ्याकडून शेवभाजी, वर भाकरी. आजवर एकानंही खाल्ली नाही, म्हणून एवढ्या हिमतीनं बोलतो.

मी वाचनालयात शिपाई होतो. आमचं गाव जळगाव आणि धुळ्याच्या मधलं. पुस्तकं कशी नंबर टाकून ओळीत उभी असतात. किस्से तसे उभे राहत नाहीत भो! एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात. आता हे बघा, माझं शिक्षण चौथी नापास. दोनदा नापास. साधं अक्षर ओळखतो, पण जोडाक्षर आलं की बैल अडतो. आणि गावानं कोणती पुस्तकं वाचायची, ते अशा माझ्यामुळे ठरलं! कसं, ते सांगतो.

*

सुरुवात झाली एका लग्नापासून. वाण्याच्या गल्लीतली एक पोरगी आमची मेंबर. लग्न होऊन दोंडाईच्याला गेली. जाताना भांडी नेली, साड्या नेल्या आणि आमची कादंबरी पण नेली!

नाना तापले. नाना म्हणजे आमचे अध्यक्ष, रिटायर हेडमास्तर. शाळा सुटली तरी छडी सुटली नव्हती. म्हणाले, "बुधा, जा आणि पुस्तक घेऊन ये. रिकाम्या हातानं आलास तर बघ!"

गेलो दोंडाईच्याला. पोरीनं पाणी दिलं, जेवायला वाढलं. पुस्तकाचं नाव काढलं तर म्हणे, "बुधाभाऊ, आखो वीस पानं बाकी शेतस! पुढला महिनामा या ना!"

मी बसलो परतीच्या गाडीत. हात रिकामे, पोट भरलेलं. डोक्यात एकच किडा वळवळत होता. माणसाला पुस्तक नको असतं, त्याला शेवट पाहिजे असतो. मग शेवट आपल्याकडेच ठेवला तर?

दुसऱ्या दिवशी ब्लेड आणलं. सगळ्या नव्या कादंबऱ्यांची शेवटची सोळा-सोळा पानं अलगद काढली, पाकिटात घातली, पाकिटं माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली. कुलूप. किल्ली करदोट्याला!

*

पहिला मासा गळाला लागला तो धोंडूशेठ. मूळचे सावद्याचे, केळीचे व्यापारी. कमिटीवर होते. पुस्तक निवडायची त्यांची रीत म्हणजे हातावर तोलून बघायचं. "हलकं आहे, राहू दे. हे जड आहे, घ्या." केळीचा घड नि कादंबरी, दोन्हीला एकच न्याय!

त्यांनी एक खुनाची कादंबरी नेली. चार दिवसांनी भर दुपारी धापा टाकत आले. तिकडे मळ्यात दिल्लीचे दोन ट्रक भरायचे खोळंबलेले.

"बुधा, पानं कुठे ग्यात? खुनी कोन शे?"

"ट्रंकेत आहे शेठ. पुस्तक आणलं का?"

"पुस्तक घर शे!"

"मग खुनी पण इथंच राहील."

शेठ फटफटी वळवून घरी गेले, पुस्तक आणलं, जमा केलं, बाकावर बसून सोळा पानं वाचली आणि कपाळावर हात मारला. "हात्तेरीच्या! मना संशय तर डॉक्टरवर व्हता!"

ट्रक रात्री सुटले. पण पुस्तक वेळेवर परत आलं ना!

*

आता माझी अडचण सांगतो. पाकिटावर पुस्तकाचं नाव लिहायचं कोणी? मी चित्रं काढायचो. पुस्तकाच्या पहिल्या पानावर छोटं केळ, तर पाकिटावर पण केळ. पुस्तकावर कंदील, तर पाकिटावर कंदील. कधी चूक नाही झाली.

एकदाच झाली. बैल काढला होता, तो बकरीसारखा दिसला!

आमच्या गावचे एक वकील, मोठे रसिक. त्यांची चालली होती प्रेमाची कादंबरी. त्यांना गेलं भुताच्या पुस्तकाचं पाकीट. वाचून झालं. मी घाबरून बघतोय. वकीलसाहेब बाकावरून उठले, डोळे पुसले.

"बुधा, काय लिहिलंय रे! मला वाटलंच होतं, ती पोरगी जिवंत नाही!"

मी पाकीट गुपचूप ट्रंकेत टाकलं. पुढे वर्षभर ते त्या लेखकाची तारीफ करत होते. त्या बिचाऱ्या लेखकाला हे कळलं असतं तर!

*

नानांना हे सगळं कळलं तेव्हा मला वाटलं, गेली नोकरी. नाना ओरडले. "पुस्तकं फाडतोस? विद्येच्या मंदिरात कसाई!"

मी म्हटलं, "नाना, रजिस्टर बघा."

बघितलं. दोंडाईच्याचं सोडलं तर एकही पुस्तक बाकी नाही! गावोगावची वाचनालयं परत न आलेल्या पुस्तकांनी रडत होती, आणि आमच्याकडे पाच वाजायच्या आत बाकावर जागा नाही.

नानांनी रजिस्टर मिटलं. मग त्यांनी काय करावं? स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात नियम लिहिला आणि भिंतीला चिकटवला! कोणीतरी मला तो वाचून दाखवला. "पाकीट वाचनालयाबाहेर जाणार नाही. शेवट वाचणाऱ्याने रजिस्टरमध्ये सही करावी."

माझी खोडी होती. नानांनी तिचा कायदा केला.

*

मग आली नव्या वर्षाच्या खरेदीची मीटिंग. नानांची यादी तयार. सगळी जाडजूड, ज्ञानाची. नाना म्हणायचे, "लोकांना आवडतं ते नको, लोकांना गरज आहे ते द्यावं." गरज कशाची, ते नानांना माहीत!

कमिटीत एकच बाई, मालतीअक्का. बालवाडी चालवायच्या. दर गुरुवारी दुपारी मागच्या खोलीत बायांचं वाचन मंडळ घ्यायच्या. पंधरा बाया. पुस्तक मात्र नाना निवडून देणार, बाया मुकाट वाचणार.

अक्का म्हणाल्या, "बुधाभाऊ, तुमची ट्रंक आणा जरा."

आणली. अक्कांनी नानांच्या मागच्या वर्षीच्या पुस्तकांची पाकिटं बाजूला काढली. भेदभाव नको हा नानांचा हट्ट, म्हणून ज्ञानाच्या पुस्तकांची पानं पण मी काढली होती. एकही पाकीट उघडलेलं नाही! एकावर पालीनं अंडी घातली होती.

"नाना," अक्का एकदम गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही तरी शेवट वाचला का हो?"

धोंडूशेठ खिडकीबाहेर बघायला लागले. मी पाणी आणायला गेलो. हसायला आडोसा पाहिजे ना!

नानांच्या कानाच्या पाळ्या लाल. म्हणाले, "ठीक आहे अक्का. एक पुस्तक तुमच्या बायांनी निवडावं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाच वाजेपर्यंत शेवट वाचल्याच्या पंधरा सह्या मंडळाच्या रजिस्टरमध्ये पडल्या, तर पुढच्या वर्षाची सगळी खरेदी मंडळ करेल. एक जरी सही कमी पडली, तर मंडळ बंद! ती खोली पेपर वाचणाऱ्यांना."

आणि तसं लिहून सही केली. बी.ए., बी.टी. सकट. नाना दुधाच्या रतीबाला पण डिग्री लावायचे.

*

बायांनी पुस्तक निवडलं ती मीटिंग तुम्ही बघायला पाहिजे होती!

एक म्हणे, "सासूचं नको. ती घरी आहे."

दुसरी म्हणे, "राजाराणीचं नको. त्यांना भांडी घासायला लागत नाहीत."

खातूनभाभी, शिंप्याच्या घरच्या, कोपऱ्यातून बोलल्या, "अक्का, ऐसी किताब लो जिसमें औरत रोती कम और करती ज्यादा."

आणि तसं पुस्तक सापडलं! एक बाई नवरा वारल्यावर माळरानावर एकटी विहीर खणते. गाव हसतं, भाऊ सोडून जातात, हाताला फोड येतात. पानामागून पान बाई खणतेच आहे. पाणी लागतं का नाही, ते शेवटच्या सोळा पानांत!

पुस्तक एकच, बाया पंधरा. प्रत्येकीला आठ दिवस. वाचून झाल्यावर शेवट कोणालाच सांगायचा नाही, अशी अक्कांनी शपथ घातली.

पहिली आली, पाकीट वाचलं आणि रडली. दुसरी आली आणि हसत हसत गेली. खातूनभाभींनी वाचून झाल्यावर माठातलं पाणी घेतलं, दोन तांबे घटाघट प्यायल्या आणि न बोलता चालू पडल्या. मला काही पत्ताच लागेना! ट्रंक माझी, किल्ली माझी, पाकीट माझं, आणि विहिरीला पाणी लागलं का ते मलाच ठाऊक नाही!

चौदा सह्या झाल्या. पंधरावं नाव कोणाचं? काकूंचं. काकू म्हणजे नानांची बायको! गुरुवारी दुपारी नाना झोपले की हळूच मंडळात यायच्या.

*

काकूंचे आठ दिवस संपत आले तरी पुस्तक येईना. अक्कांनी दोन दिवस नीट जेवण केलं नाही. म्हणाल्या, "बुधाभाऊ, मंडळ गेलं तर ह्या बायांना गुरुवार कुठला? जरा बघून या ना."

मी पेपरचा गठ्ठा द्यायच्या निमित्तानं नानांच्या घरी गेलो. नाना बाहेर गेलेले. काकू दारात आल्या, आवाज एकदम खाली.

"बुधा, मी काय करू? मी पान साठवर आहे. धान्याच्या कोठीमागे पुस्तक लपवते, पण हाताला लागतंच कुठे! आणि लागतं तेव्हा खूण पुढे सरकलेली. काल ऐंशीवर, आज दीडशेवर."

"खूण कोण सरकवतं काकू?"

"घरात आम्ही दोघंच रे."

मी म्हटलं, "काकू, चिंता करू नका," आणि सायकलवर बसून वाचनालयापर्यंत एकटाच हसत आलो. लोकांना वाटलं, बुधा गेला कामातून!

*

दसऱ्याच्या आदला दिवस. साडेचार वाजलेले. मागच्या खोलीत अक्का आणि बाया चिडीचूप. आणि नाना आले. काखेत पेपरात गुंडाळलेलं काहीतरी.

"बुधा, ते पाकीट काढ. विहिरीचं."

"काकूंसाठी का नाना?"

"हो, हो. घरी नेतो."

"पाकीट बाहेर जात नाही. भिंतीवर तुमचंच अक्षर आहे."

"मग मी इथंच बघतो. तिला सांगेन."

"बघा की!" मी पुस्तक जमा करून घेतलं आणि मंडळाचं रजिस्टर पुढे सरकवलं. "फक्त सही."

नानांनी रजिस्टर बघितलं. चौदा सह्या. खाली पंधरावी ओळ कोरी. जन्मभर हजेरी घेतलेला माणूस, त्यांना मोजायला शिकवायला नको. लिहून दिलं होतं पंधरा सह्या; कोणाच्या, ते लिहिलंच नव्हतं. घरी गेले तर नाना जिंकले. सही केली तर पुढच्या वर्षाची खरेदी हातातून गेली.

"उद्या येतो," म्हणाले.

"उद्या कसे येता? सकाळच्या एसटीनं पुस्तक, पाकीट, सगळं बठ्ठं जळगावला बाइंडिंगला चाललं. दिवाळीनंतर मिळेल. आता बाइंडिंगवाल्याची दिवाळी कधी संपेल ते काय सांगावं!"

साफ खोटं! एसटी होती, बाकी काही नव्हतं.

नाना बाकावर बसले. उठले. परत बसले. मग माझ्याजवळ येऊन एकदम हळू आवाजात म्हणाले, "बुधा, एवढं सांग. पाणी लागतं का? हो का नाही?"

"नाना, मला कुठं वाचता येतं!"

"अरे, चौदा जणींनी वाचलं. कोणी काही बोलली असेल!"

"एक रडली, एक हसली. खातूनभाभी दोन तांबे पाणी प्यायल्या."

नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "दोन तांबे? म्हणजे... लागलं का नाही?"

"तेच तर!"

पाचला दहा कमी. नानांनी खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं, लावलं, परत उघडलं.  आणि मग महिला वाचन मंडळाच्या रजिस्टरमध्ये, पंधराव्या ओळीवर, त्यांनी सही केली. बी.ए., बी.टी. सकट!

मी पाकीट दिलं. नानांनी सोळा पानं वाचली. मग पहिल्यापासून परत वाचली. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, माझ्याकडे न बघता चपला घातल्या. अक्का मागच्या खोलीतून बाहेर आल्या. जिंकल्याचं एक अक्षर नाही. एवढंच म्हणाल्या, "नाना, चहा ठेवलाय."

"नको अक्का. घरी जातो. हिला सांगायचंय!" आणि भराभरा निघून गेले. एवढ्या घाईत मी नानांना शाळेच्या घंटेला पण जाताना बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला त्यांच्या घरी गेलो. काकू ओसरीवर, भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत बसलेल्या. मी आपट्याची पानं दिली, ती घेतली, पण शब्द नाही. आत बघतो तर नाना स्टोव्हपुढे. एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात चहाची पुडी, धोतराला काजळी.

"बुधा," नाना कुजबुजले, "हिला विचार ना, साखरेचा डबा कुठं असतो."

मी ओसरीवर येऊन विचारलं.

काकूंनी एक खडा उचलला, अंगणात फेकला आणि म्हणाल्या, "त्यांना सांग, मी पान साठवर होते."

दिवाळीच्या पाडव्यापर्यंत नानांनी आपला चहा आपणच केला. बिनसाखरेचा.