न निघणारं जोडवं

सहा वर्षांपूर्वीची मी म्हणजे मोठी शहाणी बाई. साखरेनं तळपायांची आग व्हायची, मुंग्या यायच्या. चप्पल मागं राहिली तरी चार पावलं पुढं गेल्यावर कळायचं. पण औरादच्या बाजारात सांगत फिरायची, "मला काय धाड भरलीय?"

शेवटी लेकीनं बिदरला नेलं. तिथं पायाभोवती विद्युतचुंबकीय लहरी सोडायचं यंत्र होतं. ते चालवणारी मुलगी म्हणाली, "आज्जी, कुणाला आराम पडतो, कुणाला न्हाई. पण आधी पायातली जोडवी काढा."

मी ताडकन उठले. "कामून? नवरा जिता हाय माझा! भाईर चहा प्यायलाय."

एकदा भावकीतल्या सुनेनं सुजलेल्या बोटातलं जोडवं उतरवलं, तर याच शहाण्या बाईनं तिला चारचौघींत रडवलं होतं. आता कुठल्या तोंडानं काढणार?

लेकीनं बापाला आत बोलावलं. त्यांनी ऐकून घेतलं न् म्हणाले, "तुझ्या जोडव्यावर जगायलोय का मी? काढ. मेलोच, तर बघायला चालत तरी येशील."

एका पायातलं निघालं. दुसरं रुतलं होतं, साबणानंही हललं नाही. सोनाराकडं जाऊन कापून घेतलं. खाली बोट पांढरं पडलेलं, खोल जखम, पू. किती दिवसांची, कुणास ठाऊक. मला काहीच दुखलं नव्हतं. लेक रडायला लागली. मी हसायला गेले, पण हसू आलं नाही.

यंत्र राहिलं बाजूला. डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर बघू, न्हाईतर बोट काढावं लागंल."

बोट वाचलं. जखम भरायला दोन महिने गेले. मग यंत्राचे फेरे केले. आग बरीच कमी झाली. लहरींनी, गोळ्यांनी की साखर आवरल्यानं, मला सांगता येत नाही. गेलेली जाणीव मात्र आली नाही.

मला वाकता येत नाही, म्हणून रोज आंघोळीनंतर हेच माझे तळवे बघतात. पहिल्या दिवशी मी पाय आखडून घेतले. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा म्हणजे पाप!

"लागू दे मला पाप. पाय हिकडं कर."

चष्मा पुसून ते बोटांच्या बेचक्यात बघतात. मला त्यांचा हात कळत नाही.

"धरलाय का?" मी विचारते.

"व्हय," ते म्हणतात, "धरलाय."