मधे बसलेला माणूस

"घेऊन जा गं ह्यांना. दिवसभर भिंतीकडं बघत बसतात," काकू म्हणाली. मी निघाले होते भीमबेटकाला, म्हणजे माणसाने हजारो वर्षांपूर्वी रंगवलेल्या भिंतीच बघायला. म्हटलं, बघायचीच तर जरा जुनी भिंत बघू देत. अशा रीतीने मी आणि गणूकाका मुलुंडहून निघालो.

काकांचे गुडघे गेले होते, पण खरं दुखणं वेगळंच होतं. गणपतीत आमच्या मुलुंडच्या कोकणी मंडळींची जाखडी (पायात घुंगरू बांधून गोल फेर धरून करायचा नाच) असते. काका तरुणपणापासून त्यात पुढे. यंदा डॉक्टरांनी नाच बंद केला आणि काकांचं बोलणंही बंद झालं. "आता मंडळात माजं काय काम?" एवढंच अधूनमधून म्हणत.

भोपाळला उतरल्यावर कळलं, की त्यांची गुडघ्याच्या तेलाची बाटली माझ्या कपड्यांत सांडली आहे. उरलेला प्रवास मी निरगुडीच्या वासात केला. न्याहारीला पोहे आणि जिलबी एकाच बशीत आली. "गोड का तिखट, ते तरी ठरवा रे," काका पुटपुटले आणि दोन्ही संपवून मोकळे झाले.

भीमबेटकाला सागाच्या रानात प्रचंड खडक आहेत आणि त्यांच्या कपारींत लाल-पांढरी चित्रं. गवे, हरणं, भाले घेतलेले शिकारी. जुन्यावरच नवी काढलेली. आधीचं पुसायची कुणाला गरज वाटलेली दिसत नाही. मला हे फार आवडलं.

एका कपारीत माणसांनी हात गुंफून फेर धरला होता. मधे एक जण बसलेला, पुढ्यात काहीतरी गोलसर.

आमचे वाटाडे मिश्राजी म्हणाले, "कोई कहता है शिकार की पूजा, कोई कहता है खुशी का नाच. पक्का कोई नहीं बता सकता."

मी वाचून गेले होते, त्यामुळे गप्प बसवेना. "मधला मांत्रिक असणार," मी ठोकून दिलं.

"मांत्रिक कसला? बुवा हाय तो," काका म्हणाले. जाखडीत गाणारा बुवा ढोलकीवाल्यासोबत मधे बसतो आणि नाचणारे भोवती फिरतात. "ढोलकी दिसत नाय तुला?"

मिश्राजी हसले. काका मात्र बराच वेळ तिथून हलेनात.

"हा बसला का आसंल गं?"

"गायला."

"गायला उभ्यानं पन येतं. ह्याचे गुडघे गेले आसतील." मग हळूच म्हणाले, "तरी भायेर नाय ठेवला त्याला. मधी बसवला."

मांत्रिकाचा विषय मी पुन्हा काढला नाही.

मिश्राजींचं बरोबरच आहे, पक्कं कुणालाच सांगता येणार नाही. पण घरी आल्यावर पहिल्याच तालमीला काका झांज घेऊन फेराच्या मधोमध बसले आणि पोरं त्यांच्याभोवती फिरू लागली. त्यांनी पायात घुंगरूही बांधले होते.

"काका, चित्रातल्या बुवाच्या पायात घुंगरू नव्हते हं," मी छेडलं.

"आवाज काडता येतो व्हय चित्रात?" काका म्हणाले आणि बसल्या जागी त्यांनी पाय आपटला.