वैशाखातलं मेण

आमच्या वाडीशेजारच्या काकांइतका मेणाला मान देणारा माणूस अख्ख्या वसईत झाला नसेल. लोक मधमाश्यांचं पोळं काढत ते मधासाठी. काका मध पोरांना वाटून टाकत आणि पिळून उरलेला चोथा पोटाशी धरून घरी नेत. वटार गावात त्यांची आणि आमची केळीची वाडी लागून होती, त्यामुळे पुढचा सोहळा मला लहानपणापासून बघायला मिळाला. सोहळाच तो! मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं पातेलं, खाली नारळाच्या सोडणांची मंद धग. मेणाला उघडा जाळ दाखवणं काकांच्या लेखी पाप होतं. "जाळ दावू नको त्याला, रुसतं!" असं ते दटावत. मेण वितळेपर्यंत अंगणात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. एकदा ऐन वेळी त्यांचे व्याही आले, तर काकांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना ओटीवर बसवलं, आणि मेण जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून होईस्तोवर बिचाऱ्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या मेणावर गावातल्या बायकांची कुंकवं टिकत, ख्रिस्ती शेजारणी त्याच्या मेणबत्त्या ओतत, आणि खोबरेल घालून केलेलं मलम घरोघरी भेगांना लागे.

मला त्या मलमाची खरी गरज पडली ती लग्न ठरवायच्या वेळी. केळीच्या चिकाने आणि विहिरीच्या दोराने माझे हात काळे, चिरलेले झाले होते. एक स्थळ ते बघून उठून गेलं होतं, आणि तेव्हापासून आईचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. पुढचं स्थळ वैशाखात यायचं ठरलं, तेव्हा काकांनी माझ्या हातांची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली. रोज संध्याकाळी मलम घेऊन दारात हजर! हात खरंच मऊ पडले. पाहुणे यायच्या दिवशी त्यांनी मलम ताजं केलं, घट्टपणा बघायला नेहमीसारखा एक थेंब विहिरीवरच्या ओल्या दगडावर टाकला, तो चटकन गोठला. "बेस झालं!" म्हणत त्यांनी मला ते भरपूर लावायला लावलं.

पण विहिरीवरचा दगड बारा महिने गार. घरात नुसती काहिली. माझ्या तळहातांवर मलमाचं तेल झालं आणि पोह्यांचं ताट मुलाच्या वडिलांच्या मांडीवर उपडं झालं.

आईने तोंडाला पदर लावला. काका मात्र ताडकन उठले. "पोरीचा दोष नाय, माझा हाय! वैशाखात मेन वाढवायला पायजे होतं. दगड गार नि मी गाढव!" मग पोह्यांनी माखलेल्या त्या गृहस्थांना त्यांनी हात जोडून, कुठल्या ऋतूत मेण किती आणि तेल किती, हे सविस्तर समजावलं. मुलाची आई हसू आवरत म्हणाली, "मुलगी पसंत आहे हो. पण ते मलम आधी माझ्या टाचांना द्या."

आज काका नाहीत. त्यांचे उपकार फेडायचं म्हटलं तर मला हा जन्म पुरायचा नाही. लग्न लागून सासरी निघताना मी त्यांच्या पाया पडले, तेव्हा पहिल्यांदाच त्यांचे पाय नीट पाहिले. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या.

"काका, तुम्ही का नाही लावत मलम?"

त्यांनी पाय मागे ओढले. "मेन सगळ्यांना पुरायला नको?"

मला रडू फुटलं. मंडपातल्या सगळ्यांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून.